एका आडनावाची एकोणतीस पुस्तकं

काजमावशीच्या घरात 'ते' म्हटलं की कुणाला नवरा समजायचा नाही. नवऱ्याला ती 'रंगारी' म्हणायची, कारण तो घरं रंगवायचा आणि पहिल्या हाकेला कधी ओ द्यायचा नाही. 'ते' म्हणजे लेखक. ते म्हणतात, घाईनं उघडलेलं झाकण घाईनं बसत नाही. ते म्हणतात, रोज एकाच जागी उभं राहिल्याशिवाय आभाळातलं काही दिसत नाही. नणंद पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तिनं हे दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी भावाला बाजूला घेतलं. "दादा, वहिनी म्हणते ते 'ते' कोण रे? तू तर असलं काही बोलत नाहीस."

रंगारी ब्रश धुता धुता म्हणाला, "ती माझी सवत. चौदा वर्षं घरात आहे आणि एकदा कुणाला चहा करून दिला असेल तर शपथ."

हे प्रकरण सुरू झालं ते एका बाकड्यापायी. मावशी शिलाईच्या कारखान्यात काजं करायची. साध्या शर्टांची काजं मशीन करतं, पण भारी कोटाचं काज हातानंच व्हावं लागतं. आधी चीर, मग तिच्या कडेनं एकाला एक चिकटून टाके, असे की बटण शंभरदा आतबाहेर झालं तरी धागा हूं की चूं करणार नाही. दिवसभर मान खाली. दुपारच्या सुट्टीत डबा खायला कारखान्यात जागा नव्हती, म्हणून ती शेजारच्या इमारतीतल्या वाचनालयात शिरली, तर तिथला कारकून म्हणाला, बाकडं वाचणाऱ्यांसाठी आहे. मावशी सातवी शिकलेली. तिनं हाताला लागलं ते पुस्तक खालच्या फळीवरून ओढलं, मांडीवर उघडं टाकलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. कारकून काय बोलणार? पुस्तक उघडं होतं.

ते पुस्तक मधमाश्यांवर होतं. तपकिरी कापडाची बांधणी, पाठीवर सोनेरी ठशात एकच शब्द, आडनाव. पुढं नाव नाही, मागं पदवी नाही, पुस्तकाचं नावसुद्धा नाही. आत पहिली पानं फाटून गेलेली, एकदम पहिल्या प्रकरणापासून सुरुवात. पोळं उघडण्याआधी दोन वेळा नुसतं ऐकून घ्या, असं त्यात लिहिलं होतं. माश्यांचा सूर रोजचा आहे की बदललाय, ते आधी कानाला कळू द्या, मग हात घाला. मावशीचा घास हातातच राहिला. तिला वाटलं, ही काय माश्यांची गोष्ट आहे? ही तर माझ्या सासूबाईंची गोष्ट आहे.

आठ दिवसांत माश्या संपल्या. शेजारी तसलंच तपकिरी पुस्तक होतं, त्याच्या पाठीवर तेच आडनाव. हे घड्याळदुरुस्तीचं. सुटे केलेले भाग पांढऱ्या कापडावर ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं मांडा, म्हणजे परत बसवताना डोकं खाजवावं लागणार नाही. त्याच्या शेजारी तिसरं, छातीचे आवाज ऐकून दुखणं कसं ओळखायचं याचं, डॉक्टरांसाठी लिहिलेलं. चौथं पंपांचं. पाचव्यात एका बंगल्यात खून पडला होता. सहावं सुईणीच्या कामाचं. मग कलमं कशी बांधावीत, तारे कसे बघावेत, विहिरीला जागा कशी शोधावी, साबण कसा करावा, बुद्धिबळ, आणि दोन पुस्तकं नुसत्या कवितांची. एका फळीवर एकोणतीस पुस्तकं. आडनाव एक, कापड एक, ठसा एक.

आता तुम्ही हसाल. पण तुम्ही शाळा-कॉलेजं केलेली माणसं. तुम्हाला ठाऊक असतं की पुस्तक म्हटलं की पहिल्या पानावर नाव बघायचं. इथं पहिलं पानच नव्हतं. मावशीनं सरळ हिशेब केला. एका माणसानं लिहिलंय. आणि एकदा तसं म्हटल्यावर तिचा ऊरच दडपला. हा माणूस झोपतो कधी? खातो कधी? आपण इतकी वर्षं एका भोकाभोवती दोरा फिरवतोय, त्यातही एखादा टाका उसवतोच, आणि हा गृहस्थ माश्यांची पोळी उघडतो, घड्याळं उघडतो, छाती ऐकतो, बाळ हातात घेतो, आणि हात धुऊन तारे बघायला गच्चीवर जातो. तिला हेवा वाटला नाही. सख्ख्या भावानं मोठं काही केल्यावर वाटावं तसं तिला वाटायचं. दुपारी डबा संपला की ती उगाच त्या फळीवरून बोट फिरवत जायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

शंका आल्या नाहीत असं नाही. एका पुस्तकाच्या शेवटी सही म्हणून एक आद्याक्षर होतं, दुसऱ्याच्या शेवटी भलतंच. मावशी म्हणाली, एक घरचं नाव असेल, एक कागदोपत्रीचं. आमच्याकडेही तसंच आहे. सुईणीचं पुस्तक तर सगळं 'मी गेले, मी पाहिलं, मी दिवा धरायला सांगितला' असं बाईनं बोलल्यासारखं. ते वाचून मावशी दोन दिवस विचारात पडली आणि तिसऱ्या दिवशी तिला उलगडा झाला. त्यांची बायको सुईण असणार. ती सांगत गेली आणि यांनी शब्दाला शब्द उतरवून घेतलं. त्या दिवशी तिचा आदर दुप्पट झाला. रंगाऱ्याला जेवायला वाढताना ती म्हणाली, "बायकोचं बोलणं चारशे पानं ऐकून घेतलं त्यांनी."

"पगार घेऊन ऐकलं असेल," रंगारी म्हणाला.

तिनं मनाशी त्यांचं चरित्रही रचलं होतं, आणि ते घड्याळ आणि पंप या दोन पुस्तकांवर उभं होतं. घड्याळाच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर असं होतं की पन्नाशीला घड्याळजीचे डोळे थकतात, तेव्हा त्यानं कुढत न बसता दुसरं काही शिकावं. आणि पंपाचं पुस्तक सुरूच असं व्हायचं: 'पंपाच्या कामाला डोळे कमी आणि कान जास्त लागतात.' झालं. मावशीला डोळ्यांसमोर दिसलं. पन्नाशीत भिंग खाली ठेवलेला माणूस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाना हातात घेतलेला तोच माणूस. ही जोडणी तिची एकटीची होती. तिचा त्या गोष्टीवर इतका विश्वास होता की ती शेजारणींनाही सांगायची.

या वाचनाचा कारखान्यात उपयोग झाला तो असा. सहा वर्षांपूर्वी एक मशीन अडलं. बाहेरचा मिस्त्री तीन दिवस येईना. मावशीनं मुकादमाची परवानगी काढली, पांढऱ्या अस्तराचा तुकडा अंथरला, एकेक भाग काढून ओळीनं मांडला, अडकलेला धाग्याचा गोळा उपसला आणि उलट्या ओळीनं सगळं परत बसवलं. मशीन चालू झालं. पुढं सवयच पडली. तिची एक लाकडी पट्टी होती, काजाचं माप घ्यायची. ती कानाला लावून दुसरं टोक मशीनच्या अंगाला टेकवायची आणि डोळे मिटून उभी राहायची. पोरी आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या, कारण मावशीनं जिथं बोट ठेवलं तिथं बिघाड निघायचाच.

मग पन्नासावं लागलं आणि तिला सुईत दोरा ओवता येईना. आधी उजेडाला नावं ठेवली, मग सुईला, मग दोऱ्याला. चष्मा बदलला. तरी एका काळ्या कोटाची तीन काजं वाकडी गेली आणि कोट परत आला. मुकादम माणूस वाईट नव्हता. तो सोमवारी तिच्यापाशी येऊन स्टुलावर बसला.

"मावशी, मागच्या दालनात साठ नवी मशिनं येतायत. मालक म्हणतात, दुरुस्तीला आपलंच माणूस हवं. मी तुझं नाव सांगितलंय."

"साठ?"

"शनिवारी दुपारपर्यंत सांग. तू नाही म्हणालीस तर बाहेरचा माणूस येईल, आणि काजाला मला तुला ठेवता यायचं नाही. तुलाही दिसतंय ते."

दिसत नव्हतं, हीच तर अडचण होती. मावशी घरी आली. तिला साठ मशिनांची भीती वाटत होती. एखाददुसरं अडलेलं मशीन सोडवणं वेगळं, ती मदत झाली. साठ मशिनं अंगावर घेणं म्हणजे चुकलं तर साठ बायांचं काम बंद. पन्नासाव्या वर्षी नवं काम. आणि मग तिला वाटलं, त्यांनी केलंच की. त्यांना विचारावं. म्हातारे झाले असतील, पण असतील. तिनं मंगळवारी बसून चार पानी पत्र लिहिलं. त्यात माश्या होत्या, तारे होते, खुनी कोण ते आपण पंचाहत्तराव्या पानावरच ओळखलं होतं हेही होतं. आणि शेवटी एकच प्रश्न: 'डोळे गेले तेव्हा दुसऱ्या कामाच्या पहिल्या दिवशी तुम्हाला भीती वाटली का?'

बुधवारी ती पत्ता मागायला वाचनालयात गेली. जुना कारकून जाऊन तिथं एक तरुण ग्रंथपाल बाई आली होती, कामाला वाघ. तिनं सगळी जुनी नोंदबुकं काढून यादी नव्यानं केली होती. आडनाव ऐकून तिनं विचारलं, "कोणते हवेत?"

"कोणते म्हणजे? तपकिरीवाले."

"मावशी, या आडनावाची एकोणतीस पुस्तकं आहेत आणि लेखक सव्वीस आहेत. तुम्हाला त्यातले कोण हवेत?"

मावशीनं आधी ते ऐकलंच नाही. मग ती म्हणाली, "नाही हो, एकच आहेत." बाईनं यादी तिच्यापुढे फिरवली. सव्वीस नावं. मधमाश्या एकाच्या, घड्याळ दुसऱ्याचं, पंप तिसऱ्याचा. सुईण ही खरोखरच सुईण होती. खून पाडणारा गृहस्थ शाळामास्तर होता. दोघे भाऊ होते, एक बापलेकांची जोडी होती, बाकीच्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. या आडनावाची माणसं दर दुसऱ्या गल्लीत सापडतात. मावशीनं घड्याळाच्या ओळीवर बोट ठेवलं, मग पंपाच्या. दोन नावं वेगळी होती. ती पुन्हा पुन्हा तेच बघत राहिली.

आवाज ऐकून मागच्या खोलीतून बांधणीवाले काका बाहेर आले, हाताला खळ लागलेली. हे सगळं त्यांचंच कर्तृत्व. पितळी अक्षरांची पेटी त्यांच्या हातून एकदा जिन्यावर सांडली, निम्मी अक्षरं हरवली, नवी कुणी दिली नाहीत. "कणा बोटभर आणि नावं हातभर, ताई," ते खाली बघून म्हणाले. "म्हटलं, आडनाव तरी सरळ ठोकू. आणि पहिलं पान म्हणजे पुस्तकाची चप्पल, तेच आधी झिजतं. फाटकं पान परत लावायला मला जिवावर यायचं. कापड उरलेलं होतं तपकिरी, म्हणून सगळी तपकिरी. एकसारखी दिसली म्हणून शिपायानं शेजारी लावली."

"चौदा वर्षं मी त्यांना..." मावशी बोलली आणि थांबली.  काकांना खरंच वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटून काय होतं?

तिला राग आला होता, आणि रागाखाली दुःख होतं. माणूस गेल्याचंच दुःख. आणि हा तर असा गेला की कधी नव्हताच. पण सगळ्यात जास्त टोचत होतं ते वेगळंच. डोळे थकल्यावर दुसरं काम उचललेला माणूस कुणी नव्हता. घड्याळवाला घड्याळापाशीच संपला असेल. मग आपण कुणाच्या भरवशावर साठ मशिनांना हो म्हणणार होतो?

घरी तिनं रंगाऱ्याला सगळं सांगितलं. तिला वाटलं, आता हा आयुष्यभर पुरेल इतकं हसून घेणार. रंगारी हसला नाही. त्यानं चहा केला, दोन कप, आणि एक तिच्यापुढं ठेवला. "सव्वीस जणांना चौदा वर्षं पोसलंस गं तू," तो म्हणाला. "मला एकट्याला वाटत होतं सवत आहे." मग थोड्या वेळानं: "शनिवारी काय सांगणार?"

"नाही म्हणून सांगते."

बुधवारी मावशी निघताना ग्रंथपाल बाईनं तिच्या हातात एक चिठ्ठी दिली होती. सव्वीसांतल्या एकाचाच पत्ता बाईला मिळाला होता, पंपवाल्यांचा. दरवर्षी ते वाचनालयाला जुनी मासिकं देतात म्हणून. शुक्रवारी मावशीनं अर्धी सुट्टी टाकली आणि ती गेली. कशाला गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं. पत्र पिशवीत होतं. लिहिलेलं पत्र फाडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तळमजल्यावर दोन खोल्या, पुढं फरसबंद अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या छपराखाली इमारतीचा पाण्याचा पंप. पंपवाले चौऱ्याऐंशीचे होते आणि त्यांचे दोन्ही हात सारखे थरथरत होते. मावशीनं आपण कोण ते सांगितलं आणि पत्र दिलं. त्यांनी ते गुडघ्यावर दाबून धरून वाचलं, सावकाश, चारही पानं.

"बाई, यातलं माझं अर्धं पानच आहे," ते म्हणाले. "माश्यांची मला भीती वाटते. तारे मला दिसतात, पण कोणता कोणता ते कळत नाही."

"घड्याळ?"

"सोळाव्या वर्षापासून पंप. दुसरं काही केलं नाही."

मावशीनं मान हलवली. तिला तेवढंच ऐकायचं होतं, आणि ते ऐकून ती उठणारच होती. पण म्हाताऱ्यांची नजर पत्रावरच होती. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, आणि ते बोट कागदावर टकटक वाजत राहिलं.

"डोळ्यांचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "हात गेले तेव्हा भीती वाटली. दुसरं काही शिकलो नाही मी. तेव्हापासून बसून आहे."

बाहेर कुणीतरी बटण दाबलं आणि पंप सुरू झाला. तो आवाज ऐकून दोघांनीही एकदमच तोंडं वाकडी केली. पंप जात्यासारखा दळत होता. म्हातारे म्हणाले, चार दिवस झाले असंच आहे, झडप गेलीय, पण उघडायचं कुणी? माणूस बोलावलाय, तो येत नाही. हे बोलून होईपर्यंत मावशी अंगणात पोचली होती. घाई करायची नाही म्हणून तिनं हात पाठीशी बांधले आणि नुसतं ऐकलं. पंप बंद झाला. तिनं तो पुन्हा सुरू करायला लावला आणि पुन्हा ऐकलं. मग पिशवीतून लाकडी पट्टी काढली, एक टोक कानाला, दुसरं टोक नळाजवळ, मग झडपेवर, मग मोटारीच्या पुढच्या अंगाला, मग मागच्या.

"झडप नाही," ती म्हणाली. "मागचं बेअरिंग कोरडं पडलंय."

"झडपच आहे. साठ वर्षं पंप केलेत मी."

"असेल. पण दुखतंय इथं."

म्हाताऱ्यांना राग आला, पण त्यांनी बटण बंद केलं, फ्यूज काढून खिशात टाकला आणि तिला पान्यांची पेटी दाखवली. मावशीनं वर्तमानपत्र अंथरलं. मागचं झाकण, त्याचे चार बोल्ट, पंखा, चकती, एकेक निघालं तसं ओळीनं मांडलं गेलं. बेअरिंगमध्ये जुनं ग्रीस वाळून काळं खरपूड झालं होतं. रॉकेलनं धुतलं, नवं ग्रीस बोटानं भरलं, आणि वर्तमानपत्राच्या उलट्या टोकापासून सगळं परत चढवलं. एक बोल्ट आट्यात बसेना. तिनं जोर लावला नाही. हात तसाच ठेवून ती थांबली, मग जरा मागं घेतला, आणि बोल्ट आपला आपण आटे धरून आत गेला. फ्यूज बसला, बटण दाबलं. पंप चालू आहे हे नळाला पाणी आल्यावर कळलं.

म्हातारे उपड्या बादलीवर बसले. बराच वेळ ते मोटारीकडे नाही, तिच्या हातांकडे बघत होते.

"बेअरिंगवर मी एक प्रकरण लिहिलंय," ते म्हणाले. "पण पट्टी कानाला लावायचं मी कुठं लिहिलंय?"

"ते छातीच्या पुस्तकातलं."

"आणि आधी दोनदा नुसतं ऐकलंत ते?"

"मधमाश्या."

"भाग ओळीनं मांडले?"

"घड्याळ."

"आणि तो बोल्ट? मी असतो तर हातोडा घेतला असता."

मावशीला आठवावं लागलं. "सुईण म्हणते, घाई बाळाला नसते, हात धरणाऱ्याला असते." हे बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं. हे सगळं मिळून कुठल्याच एका पुस्तकात नव्हतं. चार पुस्तकांतलं होतं, आणि त्या चौघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. सुईणीला बोल्ट ठाऊक नव्हता, डॉक्टरला ग्रीस ठाऊक नव्हतं. आता एवढ्यात ती सगळी एका मोटारीवर एकत्र वाकली होती. मावशी स्वतःच्या ग्रीसनं काळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिली, जणू ती दुसऱ्या कुणाची असावीत.

म्हाताऱ्यांनी पत्राची घडी घातली. हात थरथरत असल्यानं घडीला वेळ लागला. ती तिच्यापुढं धरून ते म्हणाले, "हे माझं नाही, पोरी. हे ज्याचं आहे त्याला दे."

"तो माणूस नाहीच आहे हो. सव्वीस जण निघाले."

"नाही कसा? आत्ता माझ्या अंगणात बसून पंप बसवत होता."

 मावशीला रडू आलं आणि तिनं ते पदरानं पुसलं, तर ग्रीस सगळं गालाला लागलं. म्हाताऱ्यांनी तिला साबण आणून दिला. घरी परतल्यावर रंगारी तिचं तोंड बघून म्हणाला की मी आयुष्यभर रंगकाम केलं पण असं कधी माखलो नाही. तिनं त्याला सगळं सांगितलं, आणि पत्र शिलाईच्या पितळी डब्यात, कात्रीखाली ठेवून दिलं.

शनिवारी सकाळी ती आधी वाचनालयात गेली. काका आणि ग्रंथपाल बाई मिळून चिठ्ठ्या करत होते, प्रत्येक तपकिरी पुस्तकात आतल्या बाजूला पूर्ण नाव डकवायला. मावशीनं ती यादी मागून घेतली आणि एका कागदावर सव्वीसही नावं स्वतःच्या अक्षरात उतरवली, मोठी मोठी, म्हणजे चष्म्याशिवाय दिसतील. लिहिताना प्रत्येक नाव ती तोंडानं म्हणत होती. काका खळीचा ब्रश हातात धरून ऐकत उभे राहिले.

कारखान्याच्या मागच्या दालनात मशिनं येऊन पडली होती, साठच्या साठ, अजून पुठ्ठ्यांत. मुकादम तिथंच होता.

"काय ठरलं, मावशी?"

"खिडकीजवळ टेबल हवं. पांढरं कापड हवं, रोज धुतलेलं. आणि मशीन अडलं की मी आधी दोनदा नुसती ऐकणार. तेव्हा कुणी घाई करायची नाही."

"देतो. पण बघ, साठ आहेत. एकटीला झेपतील?"

मावशीनं पिशवीतून नावांचा कागद काढला आणि खिडकीच्या चौकटीला दोन टाचण्यांनी लावला. "एकटी कुठं?" ती म्हणाली. "आम्ही सत्तावीस जण आहोत."

मुकादमाला काही कळलं नाही. तो टेबलाचं बघायला गेला. मावशीनं पहिल्या मशीनचा पुठ्ठा सोडवला, पट्टी कानाला लावली आणि डोळे मिटले.